भट्टी आधी, मशीन नंतर: आमची वाटचाल

२०१२ साली घराच्या मागच्या पडवीत आम्ही चांदीच्या दागिन्यांचं कास्टिंग सुरू केलं. म्हणजे मेणाच्या नमुन्याभोवती पावडर कालवून साचा धरायचा, भट्टीत तापवून मेण जाळायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेली चांदी ओतायची. त्याआधी नऊ वर्षं मी कोल्हापूरच्या गुजरीत दुसऱ्याच्या हाताखाली आटणी आणि टाक्याचं काम केलं होतं. भांडवल म्हणजे सौ.च्या पाटल्या मोडून आलेली रक्कम. ती कशात घालायची यावर सगळं ठरणार होतं, आणि तिथेच आमची फसगत झाली.

यंत्रं विकणाऱ्या गृहस्थांनी सगळा जोर कास्टिंग मशीनवर दिला. "भट्टी काय, कुठलीही चालते," हे त्यांचे शब्द. चावीचं सेंट्रिफ्यूगल, म्हणजे गरगर फिरवून चांदी साच्यात फेकणारं मशीन न घेता हवा ओढणारं व्हॅक्यूम घ्यायचं, हा निर्णय माझा होता आणि आजही मला तो बरोबर वाटतो. एकच पंप पावडरीतले बुडबुडे काढतो आणि ओतताना चांदीही खाली खेचतो. सेंट्रिफ्यूगलला पक्का कट्टा आणि भोवती पत्र्याचं कडं लागतं. वितळलेली चांदी उडाली तर काय होतं ते मी गुजरीत पाहिलं होतं, आणि आमच्या पडवीत तेव्हा मुलं खेळायची. व्हॅक्यूमला भोकांचे फ्लास्क, म्हणजे साचा धरायची धातूची नळकांडी लागतात, तेवढं बघून घ्या. भट्टी मात्र त्यांनी दाखवली तीच घेतली, वापरलेली.

सांगलीचे अण्णा आमचे पहिले गिऱ्हाईक. २०१४ च्या अक्षय्य तृतीयेआधी त्यांनी दोन किलो चांदी माझ्या हातात ठेवली आणि ३०० जोड जोडव्यांची ऑर्डर दिली. मेणाच्या वजनाच्या साडेदहा पट चांदी, वर बटणासाठी, म्हणजे ओतल्यावर तोंडाशी उरणाऱ्या गोळ्यासाठी थोडी, असा हिशोब लावून मी रोज रात्री चार फ्लास्क लावायचो. माल निघाला तेव्हा चांगला दिसला. पॉलिशला गेला आणि जोडव्यांवर सुईनं टोचल्यासारखी भोकं उघडी पडली. कातळ घासावा तशी घासली, तर खाली आणखी भोकं.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाले, तुमची पावडर जुनी आहे. नवी गोणी आणली. १०० ग्रॅमला ४० मिली पाणी, काट्यावर मोजून. मेण बदललं, चांदी वितळवताना टाकायची सवागी बदलली, वितळवायची मूसही नवी घेतली. भोकं तशीच. चौथ्या दिवसापासून ते फोन उचलेनात, आणि बाजारात मात्र सांगत सुटले की मशीन उत्तम आहे, माणसाला काम येत नाही. दोन सराफांनी चांदी परत नेली. त्या महिन्यात विजेचं बिलही उसने घेऊन भरलं. हे मी विसरलेलो नाही.

मग फ्लास्कवर खडूनं नंबर टाकायला लागलो. तीन रात्रींत कळलं की दाराजवळचा माल स्वच्छ निघतो, मागच्या कोपऱ्यातलाच खराब. त्या कोपऱ्यातला फ्लास्क पाण्यात बुडवला की काडी ओढल्यासारखा उग्र वास यायचा. वेगळं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार आणून वरच्या धुराड्यातून आत सोडलं. मीटरवर ७३० अंश सेल्सियस, मागच्या कोपऱ्यात ८१०. भट्टीचं स्वतःचं थर्मोकपल दारापाशी बसवलेलं होतं. तिथे गारवा, म्हणून कॉइल मागे तापतच राहायची. ही पावडर जिप्समची. ७३० च्या फार वर गेली की जिप्सम फुटतं, गंधकाचा वायू सुटतो आणि तोच चांदीत शिरतो.

अण्णा स्वतः आले. पडवीच्या उंबऱ्यावर बसून एकेक जोडवं भिंगाखाली धरून पाहिलं. चांदी परत मागतील या भीतीनं मी उभाच होतो. म्हणाले, "भट्टी नीट करा. तिथी गेली तर गेली, लग्नं आहेतच की." खराब माल आटवून चांदी पुन्हा शुद्ध करताना आलेली घटही त्यांनी निम्मी सोसली. आजवर मी त्यांच्या मजुरीत एक रुपया वाढवलेला नाही आणि वाढवणारही नाही.

नवी भट्टी घेतली, रॅम्पवाल्या कंट्रोलरची, म्हणजे ताप टप्प्याटप्प्यानं आपोआप चढवणारी. १५० वर दोन तास, ३७० वर दोन, ७३० वर चार, मग ५०० पर्यंत उतरवून ओतायचं. संध्याकाळी लावली की सकाळी फ्लास्क तयार. त्यानंतर काम नीट चाललं.

नवीन मुलं विचारायला येतात तेव्हा सांगतो, मेण भरायचा इंजेक्टर आणि रबराची डाय पकवायचा व्हल्कनायझर पहिल्या वर्षी घेऊच नका. रबर डाय आणि मेण गुजरीत मजुरीवर करून मिळतं. पैसा भट्टीत घाला, आणि पावडर कालवताना तोंडावर चांगला मास्क लावा, त्यात सिलिका असते. वापरलेली भट्टी घेणारच असाल तर पैसे देण्याआधी दोन दिवस कळवा. माझं थर्मोकपल घेऊन मी येतो, चारही कोपरे बघून देतो.