कावळ्याले घरात काऊन घेता?

"मॅडम, तुमच्या गोष्टीत चिमणी कावळ्याले घरात काऊन घेते? आमच्या बुढीच्या गोष्टीत तर तो तव्यावर बसून जळते." दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत पालकसभा झाली की कुणीतरी माय हे विचारतेच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मी साडेचार वर्षांची होते, तेव्हा भाऊ झाला. माय मधल्या खोलीत. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, ओव्याचा धूर, दार लोटलेलं. दाराशी गेले की आतून आवाज यायचा, "थांब, बाळाले तेल लावू दे." मग, "थांब, बाळाले निजवू दे." पावसाळा होता. ओसरीवर आजी रोज तीच गोष्ट सांगायची: शेणाचं घर वाहून गेलेला कावळा, मेणाच्या घरातली चिमणी, आणि चिऊताई चिऊताई दार उघड. चिमणी काय म्हणते ते तुम्हाला पाठ असेलच. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे! बाकीची पोरं हसायची. मला हसू यायचं नाही. शेवटी दार उघडायचं तेही तापल्या तव्यावर बसवायला. तिथं मी कान झाकून घ्यायची.

एका रात्री आजी तव्यापाशी आली आणि थांबली. "मंग चिमणीनं पाह्यलं, कावळा पुरा वल्ला. तिनं त्याले चुलीपाशी बसवलं. म्हने, खाय बाबू."

पुढं नोकरीत असताना वाचनात आलं की जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती सख्खी आई. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये मांडलं की ही सावत्र आई लेकराच्या कामाची असते. सगळा राग तिच्यावर काढता येतो आणि खरी आई मनात चांगलीच राहते. (त्याच्यावर त्याच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी पुढे गंभीर आरोप केले. माणूस मला आवडत नाही, मुद्दा पटतो.) आमच्या चिमणीची पंचाईत अशी की ती एकटीच दोन्ही आहे. आत बाळाची माय, बाहेर कावळ्याची सावत्र.

लहानपणी दुखावलेलं जे लेकरू मनात तसंच राहून जातं, त्याला हल्ली 'आतलं मूल' म्हणतात. माझं अजून पंख भिजवून दाराशीच उभं आहे. पन्नाशी उलटली तरी फोनवर कुणी "थांब जरा" म्हटलं की पोटात कालवतं.

तवा मात्र मी फेकून दिलेला नाही. ज्या पोराला घरी कुणी छळतं, त्याला कावळा जळलेलाच हवा असतो. तो तसा मागतोही, आणि मी जाळते.

गेल्या पावसाळ्यात पहिलीतला एक जण गोष्ट संपल्यावर जागचा हललाच नाही. घरी महिनाभराची बहीण.

"मॅडम, कावळ्याले कुठी बसवलं?"

"चुलीपाशी."

"तिथं नोका बसवू. चिमणीच्या आन् बाळाच्या मधात बसवा."

बसवला.