एप्रिलमधला दिवा

नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की सायकल चालवणाऱ्याला सूर्याच्या आधी घराबाहेर पडावे लागते; त्यामुळे दिव्याची आठवण मला थंडीत नव्हे, तर एप्रिलमध्ये होते.

वडिलांच्या सायकलला डायनॅमो होता, ६ व्होल्टचा आणि ३ वॅटचा. खटका दाबला की बाटलीसारखे ते यंत्र टायरला चिकटे आणि घरघर करीत दिवा लावी. वेग वाढला की उजेड वाढे, चढावर तो मलूल होई आणि चौकात थांबताच, म्हणजे मागून ट्रक येत असताना नेमका, पार विझून जाई. पण त्या पिवळट उजेडाने कुणाचे डोळे दिपल्याचे मला आठवत नाही.

मी मात्र सीताबर्डीच्या एका दुकानातून १००० ल्यूमेनचा दिवा आणला. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्यातला रस्त्यावर किती पडला, हे लक्सवरून कळते आणि अंतर दुप्पट झाले की तो चौथाईवर येतो, हे मला खरेदीनंतर समजले. खोक्यावर आकडा मोठा होता, एवढेच मी पाहिले. दुसऱ्याच पहाटे अंबाझरी तलावाजवळ एक वयस्कर गृहस्थ डोळ्यांवर हात धरून थांबले आणि म्हणाले, "अहो, लाईट खाली करा न जी, दिसून नाही राहिलं काही."

त्यांचे बरोबर होते. पथदिव्यांच्या रस्त्यावर आपल्याला दिसण्यापेक्षा आपण दिसणे महत्त्वाचे असते आणि त्यासाठी मंद दिवाही पुरतो. झाडीतल्या काळोख्या रस्त्यावर मात्र खड्डा ओळखण्यापुरता उजेड लागतोच. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये, असा नियम आहे. तसा दिवा महाग पडतो, पण माझ्या मते पैसे घालवायचेच तर ते आकड्यावर नव्हे, झोताच्या आकारावर घालवावेत.

मागच्या लाल दिव्याबद्दल माझे मन अजून डळमळते. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो खरा, पण त्याच्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. म्हणून मी एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, असे दोन लावतो. शिवाय घोट्याला चकाकणारी पट्टी बांधतो, कारण पॅडलबरोबर वरखाली होणारी चमक पाहून पुढे माणूस आहे, हे मागच्याला लगेच उमगते. पावसाळ्यासाठी दिव्यावर आयपीएक्स४, म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी सोसण्याची खूण, पाहून घेतली आहे. लिथियमच्या बॅटरीला ऊन सोसत नाही, म्हणून दुपारी दिवा काढून घरात ठेवतो.

मोठा दिवा आता सर्वांत मंद पायरीवर आणि पार खाली झुकवलेला असतो. अंबाझरीला ते गृहस्थ अजूनही भेटतात. मी दिसलो की सवयीने हात डोळ्यांकडे नेतात आणि मग त्याच हाताने नमस्कार करतात.