उघडलेली नोंद बंद कोणी करायची?

१३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला, तेव्हा मी शहरातच दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आठवड्याभरात घरमालक काका पोलीस चौकीतून आणलेला छापील अर्ज घेऊन जिना चढून आले आणि दारातच म्हणाले, "तुमच्यावर अविश्वास नाही हो, पण आता हे भरून द्यावेच लागेल." मूळ गाव, नोकरीचे ठिकाण, ओळखीच्या दोन माणसांची नावे, कोपऱ्यात फोटो. मी विनातक्रार भरला. ज्या शहरात परवापर्यंत माणसे निर्धास्तपणे चहा पीत बसली होती तिथे असे काही घडल्यावर पोलिसांनी कोण कुठे राहतो हे विचारू नये, असे म्हणण्याची माझी तेव्हाही तयारी नव्हती आणि आजही नाही.

माझी अडचण दुसरी आहे. त्या अर्जात घरात राहायला आल्याची तारीख लिहायला रकाना होता. घर सोडल्याची तारीख लिहायला नव्हता. ते घर मी २०१३ मध्ये सोडले. गेल्या वर्षी दुसऱ्या कामासाठी त्याच चौकीत जाणे झाले, तेव्हा सहज विचारले की असे जुने अर्ज कुठे जातात. हवालदारांनी कपाटावर बोट दाखवले. रंग उडालेल्या रुमालांत बांधलेले गठ्ठे पार छताला टेकले होते. "तिथेच असणार. राहू द्या की, तुमचे खातात काय?"

प्रश्न रास्त होता आणि मला लगेच उत्तर सुचले नाही. शहरांतील पोलीस आयुक्त भाडेकरूंची माहिती देण्याचे आदेश ज्या कलमाखाली काढत आले, ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ (नव्या संहितेत १६३) मुळात तातडीच्या प्रसंगासाठी आहे आणि त्याखालचा आदेश एरवी दोन महिन्यांत संपतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो. थोडक्यात, आदेशाला मुदत आहे, पण त्या आदेशामुळे जमा झालेल्या कागदाला नाही.

हवालदारांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला खरक सिंग आठवले. उत्तर प्रदेशातील या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची हिस्ट्रीशीट, म्हणजे नजर ठेवण्याजोग्या माणसाची पोलिसी नोंद, उघडली. मग रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दारावर थापा मारून त्यांना हाका मारत, झोपेतून उठवत. परगावी जायचे तर चौकीदाराला सांगून जावे लागे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी तेवढ्या घटनाबाह्य ठरवल्या. बाकीची पाळत चालू ठेवायला बहुमताची हरकत नव्हती. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत नोंदवले की सारी पाळतच माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे नऊ न्यायाधीशांनी एकमताने म्हणायला २०१७ चा ऑगस्ट उजाडला. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपते ते हे की खटलाच उभा राहिला नव्हता, म्हणजे निर्दोष सुटण्याचीही सोय नव्हती. नोंद उघडायला संशय पुरला. ती मिटवायला काय पुरले असते, हे कोणालाच सांगता आले नसते.

हे दूर उत्तरेतले म्हणून सोडून देण्याजोगे नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या जमातींची तर जन्मतःच नोंद होत असे. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे ही सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

बंद करण्याची तरतूद करताच येत नाही, असेही नाही. टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेले नियम पाहावेत: गृहसचिवांचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, कितीही वाढवली तरी सहा महिन्यांची मर्यादा, वर पुनर्विलोकन समिती, आणि गरज संपली की नकला नष्ट करणे. पुढे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका उद्योजकावरील लाचेच्या प्रकरणात असे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कशाचाही तिथे संबंध नव्हता. लाच घेणाऱ्या-देणाऱ्यांचा मला पुळका नाही, पण हा निकाल मला पटतो.

अलीकडचे कायदे उलट्या दिशेने चालले आहेत. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्या किंवा शिक्षा झालेल्या माणसांच्या बोटांचे ठसे, बुबुळांची प्रतिमा इत्यादी मापे ७५ वर्षे जतन करण्याची मुभा दिली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करायची खरी, पण न्यायालय लेखी कारण देऊन ती ठेवायला सांगू शकते. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने तर, काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे जे बंधन खाजगी कंपन्यांवर घातले, त्यातून सरकारला वगळले. किराणा पोचवणाऱ्या ॲपला मी माझा जुना पत्ता विसरायला सांगू शकतो. चौकीला सांगू शकत नाही.

तरीही मी सांगून पाहिले. आपण अमुक पत्त्यावर २०१३ पासून राहत नाही, सबब तेथील भाडेकरू म्हणून असलेली नोंद काढून टाकावी, असा अर्ज दोन प्रतींत लिहून मी पुन्हा चौकीत गेलो. त्याच हवालदारांनी तो शांतपणे वाचला, माझा सध्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक खाली लिहून घेतला, माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून दिला, आणि स्टुलावर चढून दुसरी प्रत त्याच गठ्ठ्यात खोचली.