कायद्याने दिलेला रविवार

इथे जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे तुम्ही ऐकून असालच. पण रिकाम्या बाटल्यासुद्धा कोपऱ्यावरच्या, काच गोळा करायच्या डब्यात टाकायच्या नाहीत, का, तर खळ्ळकन आवाज होतो! ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही, हे समजू शकते. बाटल्यांचं मात्र मला फार लागलं. आठवडाभर नोकरी, शनिवार धुणं नि बाजारहाटात संपतो, मग टाकायच्या कधी? जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या, पिशवीकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या." बस्स, एवढंच.

मी इरेला पेटून हा नियम आला कुठून ते शोधलं. मूळ थेट राज्यघटनेत! जर्मनीच्या जुन्या, १९१९च्या वायमार घटनेतलं १३९वं कलम १९४९च्या, म्हणजे आजच्या घटनेत तसंच्या तसं घेतलंय: रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस, त्याला कायद्याचं संरक्षण. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा तिथली चर्चेस कोर्टात गेली आणि २००९ साली ती सूट घटनाबाह्य ठरली.

आणि एवढं भांडून राखलेल्या रविवारी आमच्या इथलं चर्च अर्धं रिकामं! आपल्याकडे उशीर झाला तर दाराशी उभं राहावं लागतं, ना. वा. टिळकांचं भजन पेटीवर सुरू झालं की पोरंसोरंही गातात. हे मी इथे सगळ्यांना ऐकवते. पण खरं सांगायचं तर तिकडे उपासना, संडे स्कूल, महिला मंडळ, गायनाचा सराव, पाहुणे यांत गप्प बसायला सवड कुणाला होती?

ती सवय इथे लागली, तीही त्याच आजींमुळे. नव्या वर्षाला त्यांनी 'लोझुंगेन' नावाची निळी पुस्तिका दिली. हेर्नहुट गावच्या मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीची ही परंपरा, १७३१ पासून छापली जाते. जुन्या करारातलं प्रत्येक दिवसाचं वचन चिठ्ठी काढून ठरतं, तेही तीन वर्षं आधी, आणि त्याला साजेसं नव्या करारातलं वचन माणसं निवडतात. सकाळी ते जर्मनमध्ये अडखळत वाचते, मग मराठी बायबल उघडून तो अख्खा शास्त्रभाग. वचनाशेजारी पेन्सिलीने एक नाव लिहायचं, त्या दिवशी ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं. कधीकधी साहेबांचंही लिहावं लागतं, नाइलाजाने. पण नाव लिहिलेल्या दिवशी त्यांच्या ईमेलला उत्तर देताना हात जरा आवरतो, हेही खरं.

दर रविवारी मी चर्चला जात नाही. फोनवर हे कळलं की आई एकदम गप्प होते. पण शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, मनुष्यासाठी झाला, असं बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूच म्हणतो ना? शिवाय इथे पगारातून चर्चचा कर जातो, प्रांताप्रमाणे आयकराच्या ८ किंवा ९ टक्के. तो कापताना कुणी माझी हजेरी बघत नाही.