आमची वाटचाल: काठावरून तळापर्यंत

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या राहत्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत पाणी तपासायची आमची लॅब सुरू झाली. मी सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकलेली. सुरुवातीला कामं यायची ती सोसायट्यांच्या बोअरची आणि बॉयलरच्या पाण्याची. क्षार, कठीणपणा, क्लोराइड. घर चालत होतं.

जीव रमला तो जलाशयांच्या कामात. सयाजीराव महाराजांनी आजवा सरोवर बांधून ज्या शहराला नळाचं पाणी दिलं, त्याच्या जवळच आज नंदेसरीची रासायनिक वसाहत आहे. साठवलेल्या पाण्यावर इथे कायम नजर हवीच. जलाशयाच्या कामासाठी आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला मात्र काठावरून भरलेल्या एका बाटलीचा रिपोर्ट हवा होता. हातात पैसा नसतानाही आम्ही ते काम घेतलं नाही, आणि योग्यच केलं.

उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर पडतात. वर कोमट, खाली गार, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाचा ऑक्सिजन संपला की गाळातलं लोह, मँगनीज विरघळून पाण्यात येतं. काठावर याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आम्ही नावेतून आत जातो. खुणा केलेल्या दोरीने सॅम्पलर, म्हणजे नमुना घ्यायचं दोन्ही बाजूंनी उघडं नळकांडं, हव्या त्या खोलीवर सोडायचा. दोरीवरून वजन सोडलं की त्याची दोन्ही तोंडं मिटतात. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली, आणि पीएच २ च्या खाली जाईल इतकं नायट्रिक आम्ल. नाहीतर शिसं बाटलीलाच चिकटतं. कीटकनाशकांसाठी तपकिरी काच आणि बर्फाची पेटी. (विश्वामित्री नदीच्या खोऱ्यात मगरी आहेत, तेव्हा नावाडीकाकांचा शब्द शेवटचा.)

पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३. इतक्या बारीक आकड्यांत हातावरची धूळसुद्धा घोळ घालते. त्यामुळे शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत नेतो, नावेतच उघडतो आणि बाकीच्यांबरोबर तपासतो. तिच्यात धातू सापडला, तर त्या फेरीचे त्या धातूचे आकडे आम्ही देत नाही.

पुढे एनएबीएलची, म्हणजे तपासणी लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता मिळाली. धातूंचं अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र अजून परवडत नाही. ते नमुने दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबला जातात आणि रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पहिल्या मोठ्या पावसानंतरची फेरी मात्र गिऱ्हाइकाने मागितली नाही तरी आम्ही स्वखर्चाने करतो. शेतांतलं नायट्रेट आणि फवारणीची औषधं त्याच लोंढ्याबरोबर येतात.