नऊ इंची

दुपारी अडीचच्या सुमाराला लाइट गेली आणि वर्कशॉप एकदम गप्प झालं. ग्राइंडर घरघरत थांबला, हेल्परनं चष्मा कपाळावर चढवला आणि मिस्त्री हात झटकत म्हणाला, "बसा मास्तर. आता पाचाशिवाय काय खरं नाय." चहा आधीच सांगून झाला होता. बसायला तेलाचा पालथा डबा. समोर माझी बकेट, पाइपलाइनची चारी खोदणाऱ्या यंत्राची, अर्धवट पडलेली. दोन बाजू, मधे वाकवलेला पत्रा, आणि सगळं अजून वेल्डिंगच्या नुसत्या टाक्यांवर उभं.

हाताला काम नसलं की डोळे चाळा शोधतात. पत्र्यावर मिस्त्रीनं खडूनं मापं लिहिली होती. तोंडाशी ९, मागं ८. विचारलं, हे असं का? त्यानं पायानंच बकेट जरा कलती केली. "मागं निमुळती नको? सारखी केली तर बाजू चारीला घासत जाणार. आन् आत गच्च बसलेली माती निघणार कुठनं?"

एका इंचाचं हे शहाणपण मी बराच वेळ बघत बसलो. तळालाही तोच प्रकार. दातांच्या मागचा पत्रा लगेच वर उचललेला, म्हणजे दात आधी रुतावेत आणि टाच जमिनीवर टेकून त्यांना अडवू नये. नांगराच्या फाळाला हेच लागतं. आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला तो इथून हाकेच्या अंतरावर. त्याआधी बेळगावला त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोक म्हणत, लोखंडानं जमीन नासते, विषारी होते. आज त्याच शेतकऱ्यांची नातवंडं बांधावर जेसीबी आला की पोरांना खांद्यावर घेऊन बघायला जातात.

माझं जेसीबीशी वैर नाही. बॅमफर्डसाहेबानं १९५३ मध्ये एकाच यंत्राला पुढं सूप आणि मागं हात जोडला, त्यात त्याची अक्कल मोठीच. पण आमच्या विहिरीपासून वरच्या बागेपर्यंत लाइन न्यायची म्हटल्यावर तो अजस्र पिवळा प्राणी आत घालायचा कुठून? द्राक्षाच्या ओळींच्या टोकाला ट्रॅक्टर वळायला सोडलेली पट्टी, एका बाजूला अँगल आणि ताणाच्या तारा, दुसऱ्या बाजूला बांध. म्हणून मग मेहुण्याच्या छोट्या ट्रॅक्टरला मागं लावायचा खोदणारा हात आणला. त्याची मूळ बकेट दीड फुटाची. पाइप तीन इंची, म्हणजे दुकानदाराच्या बिलावर नव्वद एमएम. तीन इंचांच्या पाइपासाठी दीड फूट रान फाडायचं, हे मला पटेना.

या बाबतीत मी थोडा चक्रम आहे, घरचेही सांगतील. रुंद चारी बघितली की माझं डोकं उठतं. हिशेब करून बघा. हजार फूट लांब, तीन फूट खोल आणि जेसीबीच्या बकेटनं दोन फूट रुंद अशी चारी काढली तर सहा हजार घनफूट माती निघते. साठ ब्रास! नऊ इंची काढली तर साडेबावीस. वरची साडेसदतीस ब्रास माती उगाच उपसायची, उगाच परत लोटायची, आणि पुढं दोन पावसाळे ती खचते म्हणून उगाच हळहळायचं. त्यात काळी माती जाते खाली आणि मुरूम येतो वर. मग गव्हाच्या रानात तो पांढुरका पट्टा वर्षानुवर्षं दिसत राहतो. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं, यांची पाइपलाइन इथून गेली.

अण्णांची लाइन हातानं खोदलेली होती. तेव्हा सिमेंटचे पाइप. चारी खोदणारी माणसं बायकापोरांसकट यायची, रानातच पालं ठोकायची, दर फुटावर ठरायचा. ती चारी दीड-पावणेदोन फुटांची व्हायची, कारण तिच्यात माणूस उभा राहून टिकाव मारत होता. चारीची रुंदी पाइपावर नव्हती, खोदणाऱ्याच्या खांद्यावर होती. शाळा सुटली की आम्ही पोरं तिच्यात उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचो. वरून फक्त टोप्या पळताना दिसायच्या म्हणे. आत गार असायचं. दोन्ही बाजूंना जमिनीच्या पोटातले थर उघडे पडलेले: वर काळी, मग पिवळट, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, आणि तळाला मुरूम. चुनखडीचे खडे आम्ही खिशात भरून आणायचो. कशासाठी, कोण जाणे.

अण्णा बांधावर उभे राहून एकच सांगत असायचे. काळी अलीकडं टाका, मुरूम पलीकडं. दोन वेगळे ढीग. बुजवताना आधी मुरूम, मग काळी. त्या लाइनीवर पुढच्या वर्षी शाळू केला तेव्हा चारी कुठून गेली हे अण्णांनासुद्धा पावलं मोजून काढावं लागलं होतं. त्याचा त्यांना फार अभिमान. मशीनवाल्या पोराला दोन ढिगांचं सांगून बघा. तो तासावर असतो, कानात इअरफोन असतो.

तर मी मिस्त्रीला आल्या आल्या म्हटलं होतं, सहा इंची कर. त्यानं टेप काढला आणि यंत्राच्या हाताची दांडी मोजली. सात इंच. दोन्हीकडच्या पिनांची डोकी धरून साडेआठ. "तुमच्या बकेटच्या मागनं दांडीबी चारीत उतरणार का नाय? बकेट सहाची केली तर फूटभर खाली जाऊन दांडी अडकून बसंल." मग नऊ. त्यातही दात तीन: मधला सरळ, कडेचे दोन किंचित बाहेर झुकलेले, म्हणजे कापताना बकेटीपेक्षा केसभर जास्त रुंद कापतील आणि बाजू मोकळ्या राहतील.

दातांसाठी त्यानं ट्रकचे जुने पाटे भंगारातून निवडून आणले होते. पाट्याचं लोखंड लवकर झिजत नाही, पण त्याला टाका मारणं म्हणजे सोयरीक जमवण्यासारखं, घाई केली की मोडलंच. ते आधी गॅसवर नीट तापवायचं. रॉड साधा नाही, भारीतला, आणि तोही कोरडा ठणठणीत. त्यासाठी मिस्त्रीनं पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून रॉड ठेवलेत. जोडून झालं की दात राखेत पुरायचे आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वाऱ्यावर गार होऊ दिले तर टाक्याच्या कडेनं बारीक चीर जाते, आणि ती दिसते रानात, दात तुटून चारीत पडल्यावर. बाजूंना तीन सुती पत्रा, दात बसतात ती पट्टी सहा सुती (आठ सुतांचा एक इंच). वरचे कान जोडताना त्यानं दोन्ही कानांतून जुनीच पिन आरपार घातली आणि मगच टाके मारले. आधी कान जोडून मागनं पिन ठोकत बसणारे कारागीर मी बघितलेत. घणानं पिन बसते, हो. निघत मात्र नाही.

काळ्या रानाचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण उत्तर माहीत होतं. ओली काळी माती अरुंद बकेटीत गेली की लोण्यासारखी निघत नाही, चिकटून बसते. मिस्त्रीनं मागचा पत्रा मधे उभा चिरून फट ठेवली आहे. चिकटलीच तर पोरानं मागनं पहार घालून ढकलायची. बाकी त्याचा सल्ला एवढाच, "वापसा आल्याशिवाय घालू नका." म्हणजे ओल बेताची होईपर्यंत थांबा. हा सल्ला आमच्याकडं पेरणीला, कोळपणीला, लग्नाच्या मांडवालासुद्धा लागू आहे.

खोल पण अरुंद चारीत माणूस उतरूच शकत नाही, मग पाइप जोडणार कसे, असं मेहुणा विचारत होता. वर जोडायचे. वीस फुटी नळ्या काठावर ओळीनं मांडायच्या, सोल्युशन लावून एकेक सांधा घट्ट करायचा, सुकू द्यायचा, आणि मग सगळी लाइन चौघांनी धरून हळूहळू आत सोडायची. पीव्हीसी तेवढं वाकतं. सिमेंटच्या पाइपाला हे जमलं नसतं, त्याच्यासाठी माणसाला खालीच उतरावं लागे.

इथवर सगळं बकेटीचं झालं. खरी गोष्ट वेगळीच आहे. आमची विहीर खाली, बाग वर, आणि मधे दीडेकशे फूट चुलतभावाचं, म्हणजे दादांचं, रान. कायदा माझ्या बाजूला आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४९: तहसीलदाराकडं अर्ज केला तर दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी न्यायची परवानगी मिळू शकते, पाइप निदान अर्धा मीटर खोल असावा लागतो. आम्ही तर तीन फूट घालणार. पण भावकीत तहसीलदाराचा कागद आणला की पाणी येतं आणि बारशाची, लग्नाची आमंत्रणं जातात. म्हणून मी कागद न आणता चहाला गेलो होतो. सगळं ऐकून घेतल्यावर दादांनी एकच विचारलं होतं, "चारी किती रुंद?"

मी नऊ इंच म्हटलं, तेव्हा ते हसले. वीतभर चारी मशीननं निघते, यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

लाइट पाचला नाही, सहाला आली. बकेट दुसऱ्या दिवशी दात लावून तयार झाली. मिस्त्रीनं तिला पिवळा रंग फासला. नको म्हटलं तरी ऐकेना, म्हणाला, पिवळ्याशिवाय मशीन वाटतच नाय. ट्रॉलीत टाकून नेताना वाटेत दादांच्या दारात मुद्दाम थांबलो. ते बाहेर आले, बकेटीच्या तोंडात वीत घालून बघितली, दात हातानं हलवून बघितले, मागची फट कशासाठी ते विचारलं. मग म्हणाले, "काढा चारी. आमच्या रानातली काळी मात्र वेगळी टाकायची."

अण्णांचं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. मी ट्रॅक्टर चालू करणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आन् काम झाल्यावर बकेट हितंच सोडून जा. आम्हालाबी गोठ्यापर्यंत लाइन न्यायचीय."

त्यांचा गोठा माझ्या बागेच्या पलीकडं आहे. मधे माझं रान. मी अजून हो म्हटलेलं नाही.