तुम्ही विचारलंत म्हणून: आठवणी असताना कागद कशाला?

रेल्वेच्या जुन्या गोष्टी गोळा करत कोल्हापुरात हिंडताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेले आम्ही सांगतो आहोत, मग तुम्ही तारखांचा एवढा कीस का काढता?" विचारणाऱ्यांचाही रेल्वेवर माझ्याइतकाच जीव असतो, म्हणून याचे उत्तर नीट द्यायला हवे.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला रेल्वे आणली, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मिरज-कोल्हापूर मार्गाच्या कामाचा प्रारंभ १८८८ मध्ये महाराजांच्या हस्ते झाला आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली, हे खरेच आहे. परंतु महाराजांचा जन्म १८७४ चा, आणि राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली ती २ एप्रिल १८९४ रोजी. म्हणजे पहिली कुदळ पडली तेव्हा ते अल्पवयीन होते आणि पहिली गाडी आली तेव्हाही संस्थानचा कारभार त्यांच्या वतीने इतर मंडळी पाहत होती. हे सांगितले की काहींना महाराजांचे श्रेय काढून घेतल्यासारखे वाटते. मला मात्र नेमके उलटे वाटते. अधिकार मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना केली आणि १९१७ मध्ये याच मार्गावर जयसिंगपूर उभे केले. रेल्वे आली म्हणजे आपोआप बाजारपेठ येत नाही; ती आणायला द्रष्टा राज्यकर्ता लागतो, आणि महाराजांचे हे मोठेपण तारखा जुळवल्यावरच ठळकपणे दिसते.

कागद नसेल तर वस्तू पुरावा देतात, पण त्यांनाही नीट प्रश्न विचारावा लागतो. स्टेशनांच्या आवारात जुने रूळ कुंपणाचे खांब म्हणून उभे केलेले असतात आणि त्यांच्या कडेवर कारखान्याचे नाव व साल उठावात असते. गंजावरून बोट फिरवले की अक्षरे हाताला लागतात, आणि उत्साहाच्या भरात 'हा मार्ग या साली झाला' असे कुणीतरी जाहीर करून टाकतो. पण ते साल रूळ कारखान्यात तयार झाल्याचे असते, तो अंथरल्याचे नव्हे. शिवाय तो रूळ दुसऱ्याच मार्गावरून काढून इथे आणलेला असू शकतो.

आठवणींच्या बाबतीतही तसेच आहे. मिरजेला तीन रुंदीचे रूळ (अरुंद नॅरोगेज, मध्यम मीटरगेज आणि रुंद ब्रॉडगेज) शेजारीशेजारी पाहिल्याचे अनेक वडीलधारे सांगतात. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज मिरजेत आली १९२७ मध्ये, मीटरगेज त्याआधीपासून होतीच, पुण्याकडून येणारी ब्रॉडगेज १९७१ च्या सुमारास पोहोचली आणि दक्षिणेकडची मीटरगेज नव्वदच्या दशकात गेली. त्यामुळे तिन्ही रूळ एकत्र पाहिल्याची आठवण १९७१ नंतरच्या दोन-अडीच दशकांतलीच असणार. सांगणारा ती स्वातंत्र्यापूर्वीची म्हणत असेल, तर त्याला खोटे ठरवायचे कारण नाही. दोन वेगळ्या प्रवासांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत एवढेच. त्या हलक्या हाताने वेगळ्या केल्या की दोन्ही खऱ्या निघतात.

आणि कागद सगळे सांगतात, असे मी मुळीच म्हणत नाही. वेळापत्रकात गाडी केव्हा सुटायची ते असते, ती प्रत्यक्षात केव्हा सुटली ते नसते. पंढरपूरच्या नॅरोगेज डब्यात समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागत असे, वारीच्या दिवसांत माणसे टपावर बसत, खिडकीतून डोळ्यात कोळशाची कणी गेली की आई पदराचे टोक ओले करून ती काढी: हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. म्हणूनच मला आठवण हवी असते, पण तिच्यासोबत तिचा काळही हवा असतो.

तेव्हा घरात जुना पास, तिकीट किंवा स्टेशनवर काढलेला फोटो असेल, तर त्याच्यामागे पेन्सिलीने, अलगद, कोणाचा, कुठला आणि अंदाजे केव्हाचा ते लिहून ठेवा. साल ठाऊक नसेल, तर 'थोरल्या आत्याच्या लग्नाआधी' एवढे लिहिले तरी पुढचा शोध त्यावरून घेता येतो.